चवथीच्या चंद्राची पुरवणी

भाद्रपदातल्या चवथीचा चंद्र बघू नये, बघितला की चोरीचा आळ येतो, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गणपती बसतात त्या संध्याकाळी माणसं रस्त्यानं माना खाली घालून चालतात. आरतीला निघालेल्या बायका पोरांच्या डोक्यावर पदर धरतात. चुकून दिसलाच, तर शेजाऱ्याच्या पत्र्यावर दगड टाकायचा आणि त्याच्या शिव्या खायच्या, म्हणजे आळ फिटतो, असा एक उपायही जुन्या लोकांनी सांगून ठेवला आहे. तो करणारे महाभाग आता उरले नाहीत, पण भीती शाबूत आहे. शिकलीसवरली माणसं "आम्ही काही मानत नाही" असं म्हणतात आणि त्या संध्याकाळी खिडकीचा पडदा तेवढा हळूच ओढून घेतात.

धोंडिरामांच्या घरी मात्र हाच एक चंद्र वर्षातून मुद्दाम बघितला जायचा. धोंडिराम एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, गणपतीचा प्रश्नच नव्हता. अख्खं शहर डोळे चुकवत असताना ते मुलीला आणि गल्लीतल्या चारदोन पोरांना घेऊन गच्चीवर जायचे, पाण्याच्या टाकीशेजारी ओळीनं उभं करायचे आणि पश्चिमेकडं बोट करायचे.

"बघा. नीट बघा. काय होतंय?"

"काय न्हाय!" पोरं ओरडायची.

"मोठ्यानं!"

"काय न्हाय!"

मग शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उघडायचा. त्या घरचा तोच सण होता.

मुलीचं नाव त्यांनीच ठेवलं होतं, बुद्धप्रिया. ते कुणी तोडलं की त्यांचं डोकं फिरायचं. शाळेत बाई हजेरी घेताना नुसतं 'प्रिया' म्हणतात हे कळल्यावर ते डेपोतून तेलकट कपड्यांतच शाळेत गेले होते. "नाव आक्खं हाय, आक्खंच घ्या," एवढंच बोलून परत कामावर आले.

बुद्धप्रिया मोठी झाली, चित्रकलेचा डिप्लोमा केला आणि गुरुबसप्पांच्या छापखान्यात लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करायला लागली. कुणाच्या तरी पुतण्याच्या वाढदिवसाला त्याचा रंग दोन छटा उजळ करून गॉगल चढवून देणं, हे तिचं रोजचं काम. तिची खरी हौस वेगळी होती. डिप्लोमाच्या वर्गातला तिचा मित्र सिद्धलिंग, चादरी-टॉवेलच्या दुकानदारांच्या घरातला. घरी कन्नड, गल्ल्यावर मराठी, आणि दोन्हींत जीभ सारखीच गोड. हात तिचा आणि तोंड त्याचं, असं त्या दोघांचं जमलं होतं. दोघांनी मिळून 'वेध' नावाचा पटावरचा खेळ काढला. दुर्बीण यायच्या आधी माणसं आकाश कसं मोजत होती, त्याचा खेळ. जमिनीत रोवलेल्या काठीची सावली मोजायची, पोकळ नळीतून तारा धरायचा, आणि ज्याच्याकडं खऱ्या नोंदी जास्त तो जिंकला. चित्रं तिची, नियम तिचे. तो विकायला पुढं. खेळ बऱ्यापैकी खपला.

खोक्यावर नावं घालायची वेळ आली तेव्हा सिद्धलिंग म्हणाला होता, "सिद्धलिंग आणि प्रिया. सुटसुटीत दिसतंय की." तो तिला कॉलेजपासून प्रियाच म्हणायचा. तिला त्यात काही खटकलं नाही. धोंडिरामांना खटकलं. त्यांनी खोकं उलटंपालटं करून बघितलं आणि सिद्धलिंगला विचारलं, "ऱ्हायलेलं अर्धं नाव कुटं ठेवलास?"

"काका, पुढच्या खोक्यावर आक्खं घालू," तो हसून म्हणाला.

"घालीन, आबा," बुद्धप्रियाही म्हणाली. तो शब्द तिनं मनापासून दिला होता. तिला त्या खेळातून दुसरं काही फार नको होतं. पुढचं खोकं छापून यावं, त्यावर आपलं नाव अख्खं असावं आणि ते आबांच्या हातात द्यावं, एवढंच तिनं धरून ठेवलं.

पुढचं खोकं म्हणजे मूळ खेळाला जोडायचा नवा भाग. सिद्धलिंग त्याला एक्स्पान्शन म्हणायचा, ती पुरवणी म्हणायची.

"पुरवणी म्हंजे परीक्षेत जोडत्यात ती?" धोंडिरामांनी विचारलं. "मंग मूळ पेपर भरला म्हणायचा तुमचा."

पुरवणी चंद्राची होती. सूर्य आणि तारे मूळ खेळात होऊन गेले होते; राहिला होता हा रोज उशिरा येणारा आणि रोज तोंड बदलणारा गडी. बुद्धप्रियानं गच्चीवर बसून एकेका तिथीचा चंद्र डोळ्यांनी बघून पुठ्ठ्याच्या चकतीवर रंगवला. चकत्या देखण्या झाल्या, पण खेळ काही रंगेना. सगळेच चंद्र बघतात, सगळेच टिपून घेतात. गमावण्यासारखं कुणाकडं काही नाही. ती महिनाभर त्या पटाशी कुस्ती खेळत होती.

अशात चवथ आली. सिद्धलिंग त्या संध्याकाळी नेमका खेळाचं बोलायला आला होता, आणि धोंडिराम लाडवांचा डबा घेऊन जिना चढत होते.

"चल वर," ते म्हणाले. "चंद्र बघायचाय."

सिद्धलिंग पायरीवरच थबकला. "आज? आज नको की काका."

"का?"

"आमची आजी आज आमच्या डोळ्यांवर हात ठेवायची. नोडबेडा, नोडबेडा म्हणत ओढत घरात न्यायची. बघू नको म्हणून."

"आजी हाय का हितं?"

"नाही."

"मंग बघ की."

तो वर आला. आधी त्यानं तोंडावर पंजा धरला, मग दोन बोटं फाकवली, मग हात खाली घेतला. ढगांच्या फटीत नखाएवढा चंद्र होता, आजूबाजूच्या एकाही गच्चीवर माणूस नव्हतं.

"काय होतंय?" धोंडिरामांनी विचारलं.

"काही नाही," सिद्धलिंग ओशाळून हसला.

"काय न्हाय म्हण! मोठ्यानं!"

"काय न्हाय!" तो ओरडला. धोंडिरामांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि हातावर लाडू ठेवला.

बुद्धप्रिया टाकीला टेकून त्या रिकाम्या गच्च्या बघत होती. तिला तिथंच सुचलं, आणि तिथंच तिनं ते दोघांना सांगितलं. "चवथीला पटावरच्या सगळ्यांनी नळ्या खाली ठेवायच्या. ज्याची छाती असेल त्यानं बघायचं. आकाश त्याच्या एकट्याचं, अख्ख्या वर्षातली सगळ्यांत मोलाची नोंद त्याला. फक्त त्याच्यापुढं आळाचं पान ठेवायचं. पुढं कुणाचंही काही हरवलं, की ते ह्यानंच चोरलं असं बाकीच्यांनी म्हणायचं. आणि ह्यानं एक शब्द बोलायचा नाही."

"बोलायचंच नाही?" सिद्धलिंगनं विचारलं.

"आळ म्हणजे तेच की. बोललं तरी कोण ऐकतंय?"

सिद्धलिंगनं टाळीच वाजवली. "प्रिया, लागली बघ लॉटरी," म्हणाला.

खेळ खरोखर उभा राहिला. गुरुबसप्पांना विचारून तिनं छापखान्यात उरलेल्या जाड कागदावर दोनतीन संच काढले आणि रविवारी विहारातल्या पोरांना खेळायला दिले. सिद्धलिंगही आला, मांडी घालून पोरांत बसला, मुद्दाम खेळातल्या चवथीला चंद्र बघितला आणि आळाचं पान ओढवून घेतलं. पोरांनी "चोर, चोर" करून विहार डोक्यावर घेतला. जाताना तो म्हणाला, "असलं पान कुठल्याच खेळात नसणार." त्या दिवशी त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर तो जन्मजात लबाड होता असं कुणाला वाटेल. तसा तो नव्हता. तो भित्रा होता, आणि भित्रा माणूस लबाडापेक्षा महागात पडतो.

पुण्याच्या एका कंपनीला खेळ आवडला. मूळ खेळाची बिलं सिद्धलिंगच्या दुकानातून व्हायची, म्हणून बोलणी त्याच्याशी झाली आणि कागदावर सहीही त्याचीच झाली. "तू चित्रं पुरी कर, बाकीचं मी बघतो," तो म्हणाला. तिनं बघू दिलं. मग एक दिवस छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत तिच्या मोबाइलवर कंपनीचा व्हिडिओ आला. एका बाईंनी विचारलं, आळाच्या पानाची भन्नाट कल्पना कशी सुचली? आणि सिद्धलिंगनं हसत सांगितलं, "आमची आजी, निंगव्वा. लहानपणी चवथीला माझ्या डोळ्यांवर हात ठेवायची. तो हात म्हणजेच हे पान."

बुद्धप्रियाचा घास हातातच राहिला. ती तशीच उठून चादरीच्या दुकानात गेली. तिला बघितल्याबरोबर सिद्धलिंग तिला दुकानाबाहेर घेऊन आला.

"अगं, बोलता बोलता ओघात गेलं," तो म्हणाला. "त्यांना आजीची गोष्ट लई आवडली. आणि खोटी आहे का ती? ठेवायचीच की ती हात."

"हात ठेवायची म्हणून तुला काही दिसलं नव्हतं, सिद्धू. दिसलं ते आमच्या स्लॅबवर."

"हळू बोल." त्यानं मागं वळून बघितलं. "आजीला ठाऊक नाही मी बघितलोय ते. गेल्या वर्षी दुकानावर धाड पडली, थोरल्या भावावर नाही नाही ते आरोप झाले. तिला कळलं ना की मी त्याच वर्षी चवथीला चंद्र बघितलेलो, तर सगळं माझ्या माथी मारंल. माझ्या हातचं पाणी घेणार नाही ती."

"मग मी काय करू?"

"काही करू नकोस. खोक्यावर तुझं नाव येतंय ना? मी सांगितलोय त्यांना."

तिनं स्वतःच कंपनीला फोन लावला. त्या व्हिडिओतल्या बाईच होत्या. बोलणं इतकं गोड, की कान धुऊन घ्यावेत. "हो हो, तुमची चित्रं सुंदरच आहेत. पण कल्पनेचं म्हणाल, तर बघा ना ताई, ही परंपरा तुमच्याकडं... म्हणजे तुमच्याकडं गणपती नसतो ना? मग हे तुम्हाला कसं सुचेल? आजींची गोष्ट कशी आतून आलेली वाटते."

तुमच्याकडं गणपती नसतो ना. हे वाक्य बुद्धप्रियानं शाळेपासून ऐकलं होतं. कधी मोदकाच्या ताटापुढं, कधी वर्गणीच्या पावतीपुढं. चंद्राच्या बाबतीत ते पहिल्यांदाच ऐकलं. ज्या एका घरानं तो चंद्र बघितला, त्याच घराला तो सुचणार नाही, कारण ज्यांनी डोळे झाकले तेच त्याचे मालक. तिला हे सगळं त्या बाईंना सांगायचं होतं. तोंडातून फक्त "बरं" एवढंच आलं, आणि त्या "बरं"चा तिला पुढं कितीतरी दिवस संताप येत राहिला.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण विहारातल्या पोरांच्या खेळाचा फोटो कुणीतरी हौसेनं टाकला होता, तो फिरत फिरत पुण्याला पोचला. बाजारात न आलेला आमचा खेळ सोलापुरात छापून वाटला कुणी? कंपनीनं सिद्धलिंगला विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का? ज्या पोरांत तो मांडी घालून बसला होता, ज्यांच्याकडून "चोर" म्हणवून घेऊन पोट धरून हसला होता, त्यांचा फोटो समोर असताना तो म्हणाला, नाही.

मग कंपनीचा फोन छापखान्यात आला. गुरुबसप्पांनी तिला आत बोलावलं. ते मनानं वाईट नव्हते, आवाज त्यांना चढवता येत नव्हता.

"सिद्धलिंगला ठाऊक नव्हतं म्हणत्यात. तू चोरून छापलीस म्हणत्यात."

"तुम्हाला विचारून छापलं होतं की, मालक."

"विचारली होतीस. मी 'घे' म्हणालो होतो. पण मला वाटलं खेळ तुझा आहे."

"माझाच आहे."

गुरुबसप्पांनी कपाळ चोळलं. "काय सांगू आता. कोर्टाचं बोलालेत ते. थोडे दिवस घरी ऱ्हा, निवळू दे." आणि मग वातावरण हलकं करायला म्हणून ते बोलून गेले, "चवथीचा चंद्र बघितलीस काय गं?"

सोलापुरात कुणावर खोटा आळ आला की लोक हेच विचारतात. समोरच्यानं हसून "छे हो" म्हणायचं असतं. बुद्धप्रियाला ते म्हणता आलं नाही. तिनं तर दरवर्षी बघितला होता.

घरी तिनं मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं. गणपतीच्या तोंडावर, फ्लेक्सच्या ऐन हंगामात छापखान्याचं मशीन इतके दिवस बंद राहत नसतं, हे धोंडिरामांना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांचं सगळं लक्ष दुसरीकडंच लागलं होतं. कंपनीनं पुरवणीचा सोहळा सोलापुरातच ठेवला होता, गणपतीच्या आधीच्या रविवारी. सिद्धलिंगचं गाव म्हणून. धोंडिरामांनी पांढरा सदरा इस्त्री करून आणला. "आपुन जायाचं की न्हाय?" त्यांनी चारचारदा विचारलं. जाऊ नये असं तिला हजारदा वाटलं. पण खोक्यावर नाव येतंय हे सिद्धलिंगचं बोलणं मनात कुठंतरी अजून चिकटून होतं. ती त्यांना घेऊन गेली.

सभागृहाच्या दारातच टेबलावर खोक्यांची चळत होती. वरचा चंद्र तिनं रंगवलेला. खाली ठळक अक्षरांत एकच नाव होतं, सिद्धलिंगचं. धोंडिरामांनी चष्मा लावला. खोकं चारही बाजूंनी फिरवलं, उघडलं, आतली नियमांची पुस्तिका काढून शेवटच्या पानापर्यंत गेले. तिथं बारीक अक्षरांत होतं, 'विशेष आभार : प्रिया'.

"ही प्रिया कोण?"

"मीच, आबा."

त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मंग बुद्ध कुटं गेला?"

तिला रडू फुटलं नाही. तिला त्या टेबलाला लाथ घालावीशी वाटली. पण कार्यक्रम सुरू झाला होता, आणि धोंडिराम पुस्तिका हातात घेऊन थेट पुढच्या रांगांकडं निघाले होते.

पहिल्या रांगेत निंगव्वा बसली होती, इरकल नेसलेली, कपाळाला विभूती, नातवाकडं डोळे लावून. सिद्धलिंगनं माइकवरून तिच्या हाताची गोष्ट सांगितली. आता ती गोष्ट चांगलीच बाळसं धरून होती. आजीच्या हाताला शेंगाचटणीचा वास होता, बोटांच्या फटीतून उजेड येत होता, काय काय होतं. लोक डोळे पुसत होते. कंपनीच्या बाईंनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? तर धोंडिराम उभे राहिले.

"सिद्धलिंग, मला एकच सांग," ते म्हणाले. माइक नव्हता, पण डेपोत इंजिनाच्या आवाजावर बोललेला तो आवाज. "माझ्या स्लॅबवर येऊन तू चवथीचा चंद्र बघितलास का न्हाय?"

सिद्धलिंगनं बुद्धप्रियाकडं बघितलं, मग आजीकडं. निंगव्वानं पदर मुठीत घट्ट धरला होता. एक शब्द होता. "बघितला," म्हणाला असता, तर नाव, पान, छापखाना, सगळं त्या एका शब्दानं सुटलं असतं. ह्या पोराच्या हातावर आबांनी लाडू ठेवलाय, हा खोटं बोलणार नाही, असं बुद्धप्रियाला तेवढ्यातही वाटत होतं.

"नाही, काका," सिद्धलिंग म्हणाला. "आमच्यात बघत नाहीत."

निंगव्वानं हात जोडले. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. कशाला वाजवली हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. टाळ्या विरता विरता मागून एक आवाज आला, "ही तीच ना, छापखान्यातली? चोरून छापलेली?"

धोंडिराम मागं वळले. "कोण चोर?" त्यांनी विचारलं. लोकांनी नुसत्या माना खाली घातल्या, चवथीच्या संध्याकाळी रस्त्यावर घालतात तशा.

रिक्षात त्यांनी ती पुस्तिका सदऱ्याच्या खिशात घातली. मग म्हणाले, "चोरी काय केलीस म्हणत हुती लोकं?" तिनं सगळं सांगितलं. व्हिडिओ, फोन, फोटो, गुरुबसप्पा. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "मी बघितलं हुतं त्याला बघताना."

"हो, आबा."

"लाडू खाल्ला त्यानं."

"हो."

सोलापूर मोठं असलं तरी बातमीला पुरत नाही. दोन दिवसांत गल्लीला कळलं. डेपोतला जुना सोबती तात्याबा चहाच्या गाड्यावर भेटला. तो आयुष्यभर चवथीला दार लावून बसायचा, आणि धोंडिराम त्याला आयुष्यभर भेकड म्हणायचे. दोघांची त्यावरून दरवर्षी लुटुपुटीची भांडणं व्हायची. तात्याबाच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. तो आपला नेहमीच्या थट्टेनं म्हणाला, "काय धोंडिराम, आला की रं आळ शेवटाला!"

धोंडिराम चहा तसाच ठेवून घरी आले. चहा झाला का म्हणून बुद्धप्रियानं विचारलं तर म्हणाले, "गोड लई हुता."

चवथीच्या दिवशी तिनं सकाळीच शेंगदाणे भाजले. लाडू तिला त्यांच्यासारखे वळता येत नव्हते, फुटत होते, पण तिनं हट्टानं डबा भरला. दिवसभर ढोल वाजत राहिले. तिन्हीसांज झाली, गल्लीतल्या आरत्या सुरू झाल्या, पश्चिमेकडचं आकाश मोकळं झालं. धोंडिराम खाटेवर बसून होते.

"आबा, चला की. मावळंल तो."

"तू जा."

"तुम्ही?"

"गुडघा दुखतोय."

गुडघा त्यांचा दहा वर्षं दुखत होता, आणि दहाही वर्षं ते त्या गुडघ्यानिशी जिना चढले होते. ती त्यांच्यासमोर खाली बसली. त्यांच्या मागची पश्चिमेची खिडकी लावलेली होती. इतक्या उकाड्यात ती कुणी लावली, हे विचारायची तिला गरज नव्हती. सिद्धलिंगचा तिला राग होता, त्या पुण्याच्या बाईंचा होता, गुरुबसप्पांचाही होता. पण त्या बंद खिडकीपुढं तो राग पुरा पडत नव्हता. पान नेलं, नाव नेलं, ते नेलं. आता आबांचं चंद्र बघणंही नेलं त्यांनी.

"आबा," ती म्हणाली, "काय होतंय?"

ते आजवर दुसऱ्यांना विचारत आलेले होते. त्यांना कुणी हे विचारलं नव्हतं.

"झालं की, पोरी," ते म्हणाले.

"काही झालं नाही. तो खोटं बोलला, एवढंच झालं."

"ते मला कळतंय. चंद्रानं काय केलं न्हाय, माणसानं केलं, एवढी अक्कल हाय मला." ते भिंतीवरच्या तसबिरीकडं बघत राहिले. "पर तात्याबाला काय सांगू? गल्लीतल्या पोरांना काय सांगू? माझ्या घरात बघितला, आन माझ्याच घरात आळ आला." मग ते म्हणाले, "तुझं नावबी मी अर्धंच ठिवायला पायजे हुतं. प्रिया. सुटसुटीत."

बुद्धप्रिया उठली. डबा घेतला आणि एकटीच वर गेली. एकाही गच्चीवर कुणी नव्हतं. खाली गल्लीत आरती टिपेला पोचली होती. टाकीच्या डाव्या अंगाला चंद्र होता, तिनं रंगवला होता तसाच, नखाएवढा, कुणाचंही काही न घेतलेला. तिनं डोळे फाडून त्याच्याकडं बघितलं.

"काय होतंय?" तिनं मोठ्यानं विचारलं.

लहानपणापासून तिला ह्याचं उत्तर पाठ होतं. ते ओठांवर आलं, पण तिला ते म्हणता येईना.